तांबडी धूळ

टोकरखाडा, सिल्वासा
मंगळवार, दुपार

प्रिय सोनम,

पत्र बघून आधी तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिते की घरात सगळे ठीक आहेत. तुझे बाबा पहिल्या पाळीला कंपनीच्या गेटवर राखणीला गेलेत, गुडघा दुखतो पण कुरकुर नेहमीएवढीच आहे. आज माझी साप्ताहिक सुट्टी. डाळ शिजत ठेवलीय आणि शेजारी तुझी जुनी लॅबची वही उघडून बसलेय, मागची कोरी पानं वाया का घालवायची. खरं तर घाबरलेली मी आहे. इतकी की सकाळपासून तीनदा गॅस बंद केलाय का ते बघून आले, आणि तिन्ही वेळा तो मीच डाळीसाठी चालू ठेवलेला होता.

तुझ्या मठातून आलेला कागद टीव्हीवर गणपतीच्या मूर्तीखाली ठेवलाय. पौर्णिमेला तुझी दीक्षा, त्याआधी आईवडिलांच्या सहीचं अनुमतिपत्र पोचायला हवं, असं त्यात आहे. तुझ्या बाबांनी ज्या दिवशी आला त्याच दिवशी सही केली, नावाखाली दोन रेघा मारून. दुसऱ्या दिवशी गेटवर पेढे वाटले. पोरगी मोठ्या वाटेला लागली, असं ते सगळ्यांना सांगतात. गेटपास दाखवायला थांबलेल्या ट्रक ड्रायव्हरलाही सांगितलं म्हणे. माझ्या सहीची जागा मात्र अकरा दिवस रिकामी आहे. ते विचारत नाहीत आणि मी सांगत नाही. जेवताना आम्ही दोघंही त्या गणपतीकडे बघायचं टाळतो.

आमच्या कंपनीत गेल्या वर्षी नवीन मशीन बसवायला लाम साहेब आले होते, ते तुला आठवत असतील, मी फोनवर सांगितलं होतं. हाँगकाँगकडचे, साठीचे, पायात कायम रबरी चप्पल. ते आपल्या भाषेत मोबाइलशी बोलायचे आणि मोबाइल आमच्याशी हिंदीत बोलायचा. त्यांची भाषा कँटोनीज, तिला नुसतं चिनी म्हटलं की ते लगेच बोट हलवून दुरुस्त करायचे, आपल्याकडे खानदेशातल्या माणसाला पुण्याचा म्हटलं की करतात तसंच. तू नोकरी सोडून मठात गेलीस त्या आठवड्यात मी डबा न उघडताच परत बांधत होते, ते त्यांनी पाहिलं. मंजुळाबेन, का जेवत नाही, असं मोबाइलने विचारलं. मी सांगून टाकलं. परक्या माणसाला आणि यंत्राला सांगणं सोपं असतं.

त्यांनी पोत्यावर चिकटवायचं एक लेबल घेऊन त्याच्या मागे दोन अक्षरं काढली. हुंग-छन. पहिलं म्हणजे तांबडं, दुसरं म्हणजे धूळ. फार पूर्वी त्यांच्याकडच्या मोठ्या शहरांत घोडे आणि गाड्या धावायच्या, त्यांच्या पायांनी तांबडी धूळ उडायची. तेव्हापासून बाजार, घर, लग्न, पोरंबाळं, भांडणं, सगळ्या ह्या जगण्याला ते तांबडी धूळ म्हणतात. जो भिक्षू होतो तो त्या धुळीतून बाहेर पडतो. मी माझ्या हातांकडे पाहिलं. त्या दिवशी आमच्याकडे तांबड्या रंगाची पावडर भरायची होती, मी कोपरापर्यंत लाल होते, पापण्यांवरसुद्धा. त्यांनीही पाहिलं आणि आम्ही दोघं हसलो. आठवडाभरात मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

त्यांची थोरली बहीण तिकडे एका बेटावरच्या डोंगरात भिक्षुणी आहे. चाळीस वर्षं झाली. ते वर्षातून एकदा तिला भेटायला जातात, ती त्यांना बिनकांद्याचं जेवायला घालते आणि हळूच विचारते की बाजारात मासळी कशी आहे, अमक्याच्या सुनेला मूल झालं का. हे सांगताना लाम साहेबांचे डोळे भरले होते. ते लेबल मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. आपल्या मठात ह्याच सगळ्याला माया म्हणतात, पाश म्हणतात, ऐकलं की वाटतं आपण काही गुन्हाच केलाय. धूळ म्हटलं की तसं वाटत नाही. धूळ झाडायची, अंघोळ करायची, आणि उद्या परत कामावर जायचं.

तू पहिलीत होतीस तेव्हा तुझ्या शाळेच्या पांढऱ्या कॉलरवर माझ्या अंगठ्याचा लाल ठसा असायचा. कितीही हात घासले तरी नखांच्या कडेला रंग राहायचाच. तुझ्या बाईंनी विचारलं होतं, रोज कुंकू लावून पाठवते का आई. तू घरी येऊन रडलीस. मग मी तुझी वेणी घालायच्या आधी हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घालायला लागले, आणि तुझी वेणी वर्षभर वाकडी राहिली.

हे असलं काहीबाही लिहितेय, कारण मुद्द्याचं लिहायला हात पुढे होत नाही. पण आज लिहायलाच हवं, तुला दुसरीकडून कळायच्या आत.

तू दुसरीत असताना तांदळाच्या डब्यात हात घालून एक गाठोडं बाहेर काढलं होतंस. बोराएवढं, पिवळ्या फडक्यात बांधलेलं. आई हे काय, असं म्हणत तू त्याची गाठ दातांनी सोडायला लागलीस आणि मी तुझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात तुला तेवढी एकदाच मारलीय. तू ते विसरली नाहीस हे मला ठाऊक आहे, कारण मोठी झाल्यावरही तू तांदूळ काढायला मलाच सांगायचीस. मी तुला तेव्हा काहीच कारण दिलं नाही. तू तीन दिवस माझ्याशी बोलली नाहीस आणि चौथ्या दिवशी आपण दोघी ते घडलंच नाही असं वागायला लागलो.

त्यात सुपारी होती. नवसाची.

तू आठ महिन्यांची होतीस. पौषातली थंडी, गावात दवाखाना नाही, धुळ्याच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. तुझ्या छातीतून आवाज यायचा, आणि तो थांबला की मी जास्त घाबरायचे. तुझे बाबा उसाच्या गाडीवर बाहेरगावी होते. आक्काबाईंनी, तुझ्या आजीने, मला आणि तुला उचलून तापीकाठच्या मठात नेलं. हो, त्याच मठात. तिथल्या ओट्यापुढे मला बसवलं आणि म्हणाल्या, "बोल व माय, देवले सांग." आपल्याकडे तेव्हा ही रीत होती, अशा वेळी मूल मठाला बोलायचं. वाचलं तर सात वर्षांचं झाल्यावर तिथे नेऊन द्यायचं, मग ते तिथलंच. मी बोलले. सगळे शब्द मला पाठ आहेत. "वाचली तर तुझी. माझी नाही." आजीने सुपारी फडक्यात बांधली आणि माझ्या हातात दिली. पहाटेपर्यंत तुझा ताप उतरला.

तुझे बाबा आले तोवर तू खेळत होतीस. त्यांना आम्ही दोघींनीही काही सांगितलं नाही.

पहिली तीन-चार वर्षं मी फार विचार केला नाही. सात म्हणजे खूप लांब वाटायचं. मग तू बोलायला लागलीस, माझ्या पदराशी खेळत झोपायला लागलीस, आणि सात जवळ यायला लागलं. तू सहाची असताना मठातल्या एक बाई गावात आल्या होत्या, दुसऱ्याच कुणाकडे. त्यांनी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला, गोड आहे म्हणाल्या. बस, एवढंच. मी त्या रात्रीपासून तुझ्या बाबांच्या मागे लागले. इथे काही राहिलं नाही, सिल्वासाला कंपन्या आहेत, माझा मामेभाऊ वाळू तिथे आहे, तो लावून देईल. तू सगळ्यांना सांगतेस ना, बाबांनी हिंमत केली आणि गाव सोडलं? बाबांनी काही केलं नाही गं. त्यांना तर गाव सोडवत नव्हतं. मी रडून, उपास करून त्यांना इकडे आणलं. नंदुरबारहून सुरत, सुरतेहून वापी, तिथून रिक्षा. आधी गुजरात लागलं, मग हे सिल्वासा, दिल्लीच्या ताब्यातलं. मला वाटलं, मधे दोन सरहद्दी आल्या, आता नवस इथपर्यंत येत नाही. तू हसशील, पण मी दहावी पास बाई असून मला खरंच तसं वाटलं. सुपारी मात्र टाकवली नाही. चाळीच्या खोलीतून ह्या ब्लॉकमध्ये आलो तेव्हाही ती तांदळाच्या डब्यातच आली.

आणि मग मी घाबरतच राहिले. तुला साधी सर्दी झाली तरी वाटायचं, आला, मागायला आला. शाळेची सहल दादऱ्याच्या बागेत होती, इथून काही लांब नाही, पण तिथे तळं होतं. मी नाही म्हटलं, तू जेवण सोडलंस, म्हणून शेवटी पाठवली आणि मागून रिक्षाने मीही आले. झाडाआड डबा घेऊन बसले होते. तुझ्या मैत्रिणींनी मला पाहिलं आणि वर्षभर तुला चिडवलं. स्कूटी तुला शिकू दिली नाही. दमणगंगेवर बाकीची पोरं डुंबायची, तू काठावर उभी राहून त्यांच्या चपला सांभाळायचीस. लॅबमध्ये लागलीस तर अकराला, एकला आणि चारला माझा फोन. तू मोबाइल सायलेंटवर ठेवायला लागलीस, तर मी तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या अमृताला फोन करायला लागले. मला लाज वाटत नव्हती का? वाटायची. पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

तीन वर्षांपूर्वी आजी गेल्या तेव्हा बाबा तुला गावी घेऊन गेले. मला कामावरून सुट्टी मिळाली नाही, असं मी सांगितलं होतं. मी मागितलीच नव्हती. तू चार दिवसांनी परत आलीस आणि म्हणालीस, आई, तिथे एक मठ आहे, किती शांत आहे, तू कधी बोलली नाहीस. माझ्या हातातून कुकरचं झाकण पडलं. मग तू दर महिन्याला जायला लागलीस, मग गेल्या वर्षी एप्रिलमध्ये नोकरी सोडलीस. मी तुला दारात अडवून विचारलं होतं, असं काय आहे तिथे. तू बॅगेची चेन लावत म्हणालीस, "आई, तिथं कुणी घाबरत नाही." बास, एवढं बोलून तू रिक्षात बसलीस.

मला वाटलं नवसाने शेवटी तुला शोधून काढलं. मी एवढी पळाले आणि तू आपल्या पायांनी तिथेच जाऊन पोचलीस. हा कागद आला तेव्हा तर खात्रीच झाली. मग मी गेल्या गुरुवारी एक गोष्ट केली. तू फोनवर म्हणाली होतीस ना, तुम्ही दीक्षा घेणाऱ्या सगळ्याजणी दोन दिवस दुसऱ्या गावी जाणार आहात? मी तोच दिवस धरला. बाबांना सांगितलं कामावरच्या नलिनीच्या मुलीचं डोहाळजेवण आहे वापीला, आणि मठात आले.

वीस वर्षांत मी पहिल्यांदाच तिथे पाय ठेवला. मठ चालवणाऱ्या मोठ्या बाई नवसाच्या वेळीही होत्या, त्या अजून आहेत हे पाहून मी दारातच थबकले. मी ठरवून आले होते की त्यांचे पाय धरायचे, सांगायचं, पोरीला सोडा, हवं तर तिच्या बदल्यात मला घ्या, मी झाडलोट करीन. पण त्यांना आता ऐकू येत नाही. मी हळू बोलले, त्यांनी कानामागे हात धरला. आणखी थोडं मोठ्याने बोलले, तरी नाही. शेवटी जी गोष्ट मी पंचवीस वर्षं नवऱ्यालाही सांगितली नव्हती ती अंगणात उभी राहून ओरडून सांगितली. ओसरीवर चार बायका मटार सोलत होत्या. त्यांचे हात थांबले. त्या तुला सांगणारच, म्हणून हे पत्र आज.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "तुझी सासू आली होती की. तुम्ही गाव सोडलं त्याच वर्षी. सव्वा महिना इथलं अंगण झाडलं तिनं, नातीच्या बदल्यात. भ्यालेल्या आईचा शब्द देव धरून बसत नाही, असं तेव्हाच तिला सांगून नवस सोडवला. तुला बोलली नाही ती?"

मी तिथेच ओट्यावर बसले. मटार सोलणाऱ्यांपैकी एकीने पाणी आणून दिलं.

आजी बोलल्या होत्या गं. म्हणजे बोलायला बघत होत्या. त्या तीनदा सिल्वासाला आल्या, दर वेळी स्वयंपाकघरात माझ्या मागे येऊन म्हणायच्या, मंजुळे, मी मठात गेलती. आणि मी मिक्सर लावायचे. किंवा दूध उतू गेलं म्हणायचे. मला वाटायचं त्या आठवण करून द्यायला आल्यात, कधी देतेस म्हणून. फोनवर मठाचं नाव आलं की मी तुला हाक मारून फोन देऊन टाकायचे. धुळ्याला दवाखान्यात त्यांनी शेवटचा माझा हात धरला आणि तेच सुरू केलं, तर मी चहा आणते म्हणून उठले. एक वाक्य पुरं करू दिलं असतं तर संपलं होतं. कंबर धरायची त्यांची, वाकता यायचं नाही, आणि त्या बाईने सव्वा महिना अंगण झाडलं. मी त्यांना वीस वर्षं जल्लाद समजत होते.

येताना गाडीत मला हलकं वाटायला हवं होतं. सुरत येईपर्यंत वाटलंही. मग भीती अशी आली की मी सीटचा दांडा धरून बसले. इतकी वर्षं माझ्या भीतीला एक कारण होतं, तांदळाच्या डब्यात बांधून ठेवलेलं. आता ते नाही. नवस तुला ओढत नाहीये, तर मग तू तिथे का गेलीस? तुझंच वाक्य कानात वाजायला लागलं, तिथं कुणी घाबरत नाही. म्हणजे तुला तिकडून कुणी बोलावलं नाही, इकडून मी हाकललं. ज्या भीतीने तुला धरून ठेवलं, तीच तुला तिथवर सोडून आली. किंवा तसंही नसेल. तुला ते खरंच आवडत असेल, ती वाट तुझी असेल. हे माझ्या मनात सगळ्यात शेवटी, वापी स्टेशनच्या जिन्यावर आलं, यावरून तुझी आई काय आहे ते समजून घे.

मघाशी जेवायच्या आधी ती सुपारी काढली. वर्तमानपत्र पसरून गाठ सोडायला बसले. इतकी घट्ट झाली होती की सुईने उकलावी लागली. आत सुपारी नव्हती. किडीने कधीच खाऊन टाकली होती, राहिला होता नुसता तांबूस भुगा, चिमूटभर. किती वर्षं मी तो सांभाळत होते कोण जाणे. फडकं झटकलं, हात धुतले. डाळ तेवढ्यात करपली होती, तीच जेवले.

आता कागदाचं सांगते. त्यात छापलंय की आम्ही राजीखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय आमच्या मुलीस दीक्षा घेण्यास अनुमती देत आहोत. मी आत्ता सही केली आहे. फक्त राजीखुशीने हा शब्द खोडून त्याच्या वर घाबरत घाबरत असं लिहिलंय. देवाच्या दारात मी एकदा भीतीपोटी बोलून बसले, आता निदान भीतीला भीती म्हणते. बाकीचं तसंच ठेवलंय, ते खरं आहे. हा कागद ह्याच पाकिटात आहे. थेट मठाकडे पाठवला नाही, तुझ्याकडे पाठवतेय. जमा कर किंवा फाडून टाक. तू कुणाला नवसाने बोललेली नाहीस, कुणाच्या बदल्यातली नाहीस, आजीने ते कधीच झाडून टाकलंय. पण माझ्यापासून लांब राहायचं म्हणून जात असशील तर तेवढ्यासाठी जन्मभराची दीक्षा नको घेऊस बाई, मुंबईला खोली घे, मी पत्ता विचारणार नाही. आणि ती वाट खरंच तुझी असेल तर जा, मी वर्षातून एकदा येईन आणि तू विचारलंस तर बाजारातलं सगळं सांगेन. पौर्णिमेपर्यंत मी फोन करणार नाही. अकराला नाही, एकला नाही, चारलाही नाही. आत्ता चारला दहा कमी आहेत आणि मोबाइल मी तांदळाच्या डब्यात ठेवलाय.

तुझीच, हे मात्र कुणालाही न विचारता,
आई